चारच्या पुढे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. त्यामुळे यंदाही विषय गणिताचाच घ्यायचा, हे ठरल्यासारखं होतं. पण दक्षिण अमेरिकेतल्या गुआरानी लोकांच्या मोजणीवर मी बोलणार आहे, असं कळवल्यावर संयोजक फोनवर जरा थबकले. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, जरा जवळचं काही नाही का?" विषय लांबचा होता की जवळचा, हे तासाभराने तुम्हीच त्यांना सांगा.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. पराग्वे हा देश, ब्राझीलचा दक्षिणेकडचा पट्टा, अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा आणि बोलिव्हियाच्या पूर्वेची सखल जमीन, एवढ्या मुलखात गुआरानीच्या वेगवेगळ्या बोली बोलणारे लोक राहतात. म्ब्या, काइओवा, आवा ही त्यांच्यातल्या काही गटांची नावं. पराग्वेची गोष्ट आणखी न्यारी. तिथली बहुसंख्य माणसं स्वतःला आदिवासी म्हणवत नाहीत, तरी त्यांच्या तोंडी गुआरानी असते. १९९२च्या राज्यघटनेने स्पॅनिशच्या जोडीला गुआरानीलाही राजभाषा केलं, आणि मुलाच्या शिक्षणाची सुरुवात त्याच्या मातृभाषेतून व्हावी, हेही त्याच घटनेत लिहिलं. भाषेचं ठीक झालं. गणिताचं काय? ज्या भाषेत मूळचे संख्याशब्द चारच, त्या भाषेत बेरीज-वजाबाकी कशी शिकवायची?

हो, चारच. पेतेईं म्हणजे एक, मोकोईं दोन, म्बोआपी तीन, इरुंदी चार. उच्चार मी माझ्या मराठी जिभेला झेपतील तसे करते आहे; तीन आणि चारच्या शेवटी जो स्वर येतो तो आपल्या बाराखडीत नाहीच. मग पाचाला काय म्हणायचं? अंतोनियो रुइस दे मोंतोया नावाचा, लिमात जन्मलेला एक जेझुइट पाद्री होता. त्याने गुआरानीचा कोश आणि व्याकरण तयार केलं. ती पुस्तकं १६३९ आणि १६४० साली माद्रिदला छापली गेली. त्यात ही मोजणी पुढे कशी चालते ते नोंदलेलं आहे. पाच म्हणजे एक हात. दहा म्हणजे दोन हात. वीस म्हणजे हात आणि पाय. आख्खा माणूस मोजून झाला की वीस झाले.

हसू नका. तुमच्यापैकी जे खेड्यात वाढले, त्यांनी जुन्या बायांना वय विचारलं असेल तर "तीन विसा नि पाच" असं उत्तर नक्की ऐकलं असेल. पासष्ट. अक्षरओळख नसलेली ती बाई विसाचा गुणाकार आणि वर बेरीज तोंडी करत होती, आणि आपण तिला अडाणी म्हणत होतो.

हाताची मोजणी जगात अनेक ठिकाणी सापडते. मला जास्त मोह पडतो तो म्ब्या बोलीतल्या दुसऱ्या एका धाटणीचा. तिथे सहा सांगायचे तर 'तीन जोड्या' अशा अर्थाचं बोलतात, आणि आठ म्हणजे 'चार जोड्या'. मोजणारा माणूस एकेक दाणा पुढे सरकवत नाही, दोन-दोन सरकवतो, आणि शेवटी कोणी एकटं उरलं का ते पाहतो. आता शिक्षक म्हणून याच्याकडे बघा. सम आणि विषम संख्या आपण कशा शिकवतो? "एकक स्थानी शून्य, दोन, चार, सहा, आठ असेल तर सम." मूल पाठ करतं. का, हे त्याला ठाऊक नसतं. आणि दोन विषम संख्यांची बेरीज सम का येते, हे विचारलं तर? तीन आणि पाच आठ, सात आणि नऊ सोळा, अशी उदाहरणं फळ्यावर लिहून आपण पुढे जातो. जोड्यांनी मोजणाऱ्या मुलाला हे सांगावंच लागत नाही. या ढिगात एक दाणा एकटा, त्या ढिगातही एक एकटा. ढीग एकत्र आले की त्या दोघांची जोडी झाली. ही संपूर्ण सिद्धता आहे. तिला बीजगणित लागलं नाही, आणि ती प्रत्येक विषम संख्येला लागू पडते. सहावी-सातवीच्या मुलांना ती आपण 'दोन एन अधिक एक' लिहून दाखवतो आणि अर्धा वर्ग तिथेच गळतो.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळते. या मोजणीकडे बाहेरून आलेल्यांनी कोणत्या नजरेने पाहिलं?

जेझुइट पाद्र्यांनी १६०९पासून पुढे गुआरानी लोकांसाठी वसाहती उभ्या केल्या. वाढत वाढत त्या तीस झाल्या, आणि १७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकलून लावलं तोवर चालल्या. मार्टिन डोब्रित्सहोफर हा ऑस्ट्रियन पाद्री त्या भागात बरीच वर्षं राहिला आणि परतल्यावर १७८४च्या सुमारास त्याने व्हिएन्नात एक जाडजूड ग्रंथ छापला. गुआरानींना चारच्या पुढे मोजता येत नाही, हे त्याने नोंदवलं. त्यावर पाद्र्यांनी काढलेला उपायही त्याने सांगितला आहे: रविवारी प्रार्थना आटोपली की साऱ्या गावाने स्पॅनिशमध्ये एकपासून हजारापर्यंत घोकायचं. दर रविवारी. सगळ्या गावाने. हजारापर्यंत!

परिणाम? शब्द सगळ्यांना म्हणता येऊ लागले, पण प्रत्यक्ष मोजायला बसले की गोंधळ तो गोंधळच. याचा निष्कर्ष डोब्रित्सहोफरने काय काढला असेल? की या लोकांना संगीत, चित्रकला, मूर्तिकला शिकवणं संख्या शिकवण्यापेक्षा सोपं. म्हणजे दोष शिकवण्याचा नाही, शिकणाऱ्यांचा. हे वाक्य आपण शिक्षककक्षात कधीच ऐकलेलं नाही, असं कोण म्हणेल?

त्याच ग्रंथात शेजारच्या आबिपोन लोकांची एक हकिकत आहे. हे लोक गुआरानी नव्हेत, चाको प्रदेशातले घोडेस्वार. रानघोडे पकडून ते परतले की लोक विचारत, किती घोडे आणले? उत्तरात आकडा नसे. एकाला एक लावून उभे केले तर इथपासून तिथपर्यंत जागा भरेल, असं ते सांगत. डोब्रित्सहोफरला ही मोजणीची टाळाटाळ वाटली. मला तिच्यात संख्यारेषा दिसते. राशीला लांबीत बदलून सांगणं, हेच तर आपण तिसरीच्या वर्गात फळ्यावर रेघ मारून शिकवू पाहतो.

आणि अंकगणिताला नालायक ठरलेल्या गुआरानींनी प्रत्यक्षात काय केलं होतं? त्याच तीस वसाहतींपैकी सान कोस्मे इथे बुएनाव्हेंतुरा सुआरेस हा जेझुइट खगोलशास्त्रज्ञ राहत होता. युरोपातून उपकरणं यायला वर्षानुवर्षं लागत, म्हणून त्याने स्थानिक स्फटिक घासून भिंगं केली, दुर्बिणी उभारल्या, आणि हे सगळं गुआरानी कारागिरांच्या मदतीने केलं. त्या दुर्बिणींतून त्याने गुरूच्या उपग्रहांची ग्रहणं टिपली आणि शंभर वर्षांचं चांद्र पंचांग रचलं. भिंग घासणाऱ्या त्या हातांना वक्रता कळत होती, केसाएवढा फरक कळत होता. रविवारच्या हजारात ते बसत नव्हतं, एवढंच.

इथे कोणी म्हणेल, बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. चारच शब्द असतील तर माणसाला मोठ्या संख्या कळतील कशा? रास्त शंका. तिच्यावर गंभीर संशोधन झालेलं आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉन भागात मुंडुरुकू नावाचे लोक आहेत. त्यांची भाषा तुपी कुळातली, म्हणजे गुआरानीची दूरची भावकीच. पाचच्या पुढे त्यांच्याकडे ठरीव संख्याशब्द नाहीत. फ्रेंच संशोधक पियेर पिका, स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं आणि २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. ठिपक्यांचे दोन मोठे पुंजके दाखवून जास्त कशात, असं विचारलं तर मुंडुरुकू फ्रेंच माणसांच्या जवळपास तोडीने उत्तर देत, ऐंशी ठिपक्यांपर्यंतसुद्धा. अडचण यायची ती नेमक्या हिशोबात. सहातून चार काढले तर नक्की किती उरले, हे सांगताना ते अंदाजावर जात. म्हणजे राशीची जाण सगळ्यांकडे असते. नेमकेपणासाठी मात्र काही साधन लागतं, शब्दांचं, बोटांचं किंवा गाठींचं.

२००८ साली याच मंडळींनी दुसरा प्रयोग मांडला. एक रेषा, एका टोकाला एक ठिपका, दुसऱ्या टोकाला दहा; मधले आकडे जिथे शोभतील तिथे दाखवायचे. आपण पाच जवळजवळ मध्यावर ठेवू. मुंडुरुकू मोठ्या माणसांनी लहान संख्यांना ऐसपैस जागा दिली आणि मोठ्या संख्या पलीकडच्या टोकाशी दाटीवाटीने बसवल्या. गणितात याला लॉगॅरिदमचं प्रमाण म्हणतात. आणि शाळेत नुकतीच जाऊ लागलेली युरोप-अमेरिकेतली मुलंही अगदी हेच करतात! सारख्या अंतराची संख्यारेषा जन्मजात नाही, ती शाळा बसवते. मग आपल्या पहिलीतल्या मुलाला पट्टीवरचे सारखे भाग पटत नाहीत, तेव्हा ते ढ असतं की अजून माणसाच्या मूळ अंदाजाने चालत असतं?

तिसरा मुद्दा आजच्या पराग्वेचा आहे, आणि तिथे मला जरा तिखट बोलायचं आहे.

गेल्या शतकात तिथल्या भाषाप्रेमींनी गुआरानीत चारच्या पुढचे आकडे घडवले. पाया जुनाच घेतला: हात. हाताला गुआरानीत 'पो' म्हणतात. तोच पाच झाला. सहा पोतेईं, सात पोकोईं, आठ पोआपी, नऊ पोरुंदी, दहा 'पा'. अकरा पातेईं, बारा पाकोईं. शंभराला 'सा', हजाराला 'सु'. रचना अतिशय नेटकी आहे. आपल्याकडे एकोणतीस, त्रेपन्न, अडुसष्ट, सत्त्याऐंशी असले शब्द मुलांना शंभर वेळा वेगवेगळे पाठ करावे लागतात. इथे दहा-बारा शब्दांत काम भागतं.

तुम्हाला २०१९चा वाद आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' अशीही वाचनपद्धत आली, आणि विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत गदारोळ उठला. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं अडखळतात, हे त्या शांतपणे समजावून सांगत राहिल्या. किती जणांनी ऐकून घेतलं? संख्येचे शब्द घरातून तोंडात बसलेले असतात, त्यांना कोणी हात लावला की माणसं चवताळतात. पराग्वेत उलटं झालं: नवे शब्द आले, कोणी चवताळलं नाही, आणि कोणी फारसे वापरलेही नाहीत. बाजारात गुआरानीत घासाघीस चालते आणि भाव स्पॅनिशमध्ये सांगितला जातो. आणि ज्या चलनात पैसे मोजले जातात, त्याचं नाव? गुआरानी! १९४३च्या कायद्याने पेसो जाऊन ते आलं. आज तिथे साध्यासुध्या खरेदीलाही हजारांत बोलावं लागतं, एक लाखाची नोट चालते, आणि तो सगळा हिशोब स्पॅनिशमध्ये होतो.

शाळेत याचं काय रूप होतं? भाषेच्या तासाला मूल 'पोआपी' शिकतं, म्हणी शिकावी तसं, परीक्षेपुरतं. गणिताच्या तासाला तोच आठ 'ओचो' होऊन येतो. दोन तासांमध्ये भिंत. मला हे फार वाया गेल्यासारखं वाटतं. कारण ती घडवलेली संख्यानावं भाषेच्या अभिमानापेक्षा गणिताच्याच जास्त कामाची आहेत.

कशी, ते दाखवते. आठ आणि सात किती? मराठीत 'पंधरा' हे उत्तर पाठ असावं लागतं. आठ, सात आणि पंधरा या शब्दांना कितीही पिळलं तरी त्यातून ती बेरीज गळत नाही. आता गुआरानीत मांडा. आठ म्हणजे हात आणि तीन. सात म्हणजे हात आणि दोन. दोन हात मिळून झाले दहा, 'पा'. तीन आणि दोन मिळून झाला आणखी एक हात, 'पो'. उत्तर 'पापो'. आणि पंधराला त्या भाषेत खरोखरच 'पापो' म्हणतात. हातच्याची बेरीज म्हणजे काय, दहाची जुळणी कशी होते, हे मुलाला आपल्याच बोटांवर दिसतं, त्याच क्षणी ऐकूही येतं. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनो, सहा ते नऊ या आकड्यांच्या आपापसातल्या बेरजांवर आपले किती तास खर्ची पडतात? तिथे हे साधन फळ्यावर आणायचं सोडून भाषेच्या पुस्तकातल्या यादीत कोंडून ठेवलं, तर चूक कोणाची म्हणायची?

पाठ्यपुस्तकात टोपलीचं चित्र छापलं आणि खाली 'आपली संस्कृती' लिहिलं, की गणिताची आणि संस्कृतीची जोडणी झाली असं समजणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. म्ब्या लोकांच्या बांबूच्या टोपल्या विलक्षण सुंदर असतात, सापाच्या अंगावरच्या खवल्यांसारख्या नक्षीच्या. पण ती नक्षी किती पट्ट्या वर, किती खाली, याच्या हिशोबावर उभी आहे. एक पट्टी चुकली की चार ओळींनंतर आकृती बिघडते. ती टोपली वर्गात उसवली, पुन्हा विणली, किती घरांनी नक्षी परत येते ते मुलांनी शोधलं, तर ते गणित.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. तिच्यासाठी मला ब्राझीलमधल्या शिंगू नदीकाठी जावं लागेल. तिथे सुया नावाचे लोक आहेत. गुआरानींहून वेगळे, पण या कथेचं मर्म दोघांनाही लागू आहे. मारियाना फेरेरा ही मानववंशशास्त्रज्ञ तिथे गणित शिकवत होती. तिने नोंदवलेलं एक उदाहरण असं: मी रात्री दहा मासे पकडले, त्यातले तीन भावाला दिले, तर माझ्याकडे किती? एका सुया माणसाचं उत्तर होतं, तेरा.

चुकलं? त्याचं म्हणणं नीट ऐका. आमच्यात भावाला काही दिलं म्हणजे आपल्याकडचं कमी होत नाही. तो मासेमारीला गेला की जास्तच परत देतो. म्हणून इथे दहा वजा तीन नव्हे, दहा अधिक तीन. त्या माणसाला वजाबाकी येत नव्हती असं नाही. गणित मांडणाऱ्याने जे जग गृहीत धरलं होतं, ते त्याचं नव्हतं. गुआरानींमध्येही देवाणघेवाणीची अशीच रीत आहे. 'जोपोई' म्हणतात तिला. बार्तोमेऊ मेलिया या जेझुइट अभ्यासकाने, तो २०१९ साली वारला, तिच्यावर वर्षानुवर्षं लिहिलं. मक्याचं पीक निघालं की मेजवानी घालायची, वाटायचं. साठवून ठेवणाऱ्याला तिथे मान नाही.

मग वजाबाकी शिकवायचीच नाही का? छे, शिकवायचीच. पण 'दिले' हा शब्द वापरून का? मासे कुजले, पक्ष्यांनी दाणे खाल्ले, दुकानदाराने पगारातून उधारी कापली, ही कमी होण्याची खरी उदाहरणं त्या मुलांच्या आयुष्यात आहेतच. शिवाय त्या तेराच्या उत्तरावर वर्गात चर्चा घडवता येते: नात्यातला हिशोब वेगळा, दुकानातला वेगळा, आणि कोणता कुठे चालतो हे ओळखायचं. आपल्याकडच्या लग्नाच्या आहेराची वही आठवा. तिच्यात कोणाचा शून्य शिल्लक असतो का? कोणाची फेड कधी संपते का?

दुकानातला हिशोब यायला हवा, हे मी आग्रहाने म्हणते. परंपरेच्या प्रेमात पडलेल्या मंडळींना ते विसरायला आवडतं. ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सूल राज्यात १९१५ ते १९२८ या काळात सरकारने काइओवा आणि इतर गुआरानींसाठी आठ राखीव जागा आखल्या. दोरादोसची जागा १९१७ची, सुमारे ३,६०० हेक्टरांची. बाकीचा मुलूख शेतकरी-जमीनदारांकडे गेला. आज ते लोक त्या जमिनीसाठी झगडताहेत, आणि तो झगडा नकाशे, हेक्टर, मोजणीच्या खुणा आणि न्यायालयाची कागदपत्रं यांत चालतो. उसाच्या मळ्यात मजुरीला गेलेल्या माणसाला किती टन तोडले आणि किती पैसे कापले, हे ताडून बघावं लागतं. तिथे 'हात आणि पाय' म्हणून भागणार नाही. दशांश, टक्केवारी, क्षेत्रफळ, सगळं लागेल, आणि ते चांगलं लागेल.

घरचं आणि शाळेचं गणित असं शेजारी ठेवणारी मी पहिली नव्हे. ब्राझीलचे उबिरातान द'अंब्रोसिओ, ज्यांनी 'एथ्नोमॅथेमॅटिक्स', म्हणजे निरनिराळ्या समाजांचं आपापलं गणित, हा विचार जगापुढे मांडला, ते २०२१ साली गेले. १९८४ साली ॲडलेडच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी तो जगभरच्या गणित-शिक्षकांसमोर ठेवला. त्यांच्यावर टीका होते की ते शाळेच्या गणिताला कमी लेखतात. मला तसं वाटत नाही. शाळेचं गणितही कुणीतरी, कुठेतरी, कशासाठी तरी घडवलं, एवढंच ते बजावत होते. आणि हे एकदा कबूल केलं की मुलाचं घरचं गणित वर्गात आणायला लाज वाटत नाही.

ब्राझीलच्या १९८८च्या राज्यघटनेतलं २१०वं कलम आदिवासींना प्राथमिक शिक्षणात त्यांची भाषा आणि त्यांची शिकण्याची रीत वापरायचा हक्क देतं. कागदावर. पण दोरादोसच्या विद्यापीठात २००६पासून 'तेको आरांदू' नावाचा पदवी अभ्यासक्रम चालतो, काइओवा आणि गुआरानी शिक्षकांसाठीच. त्यात गणित हाही एक गट आहे. म्हणजे इथून पुढे मोजणीविषयी बोलणारे पाद्री नसतील, मानववंशशास्त्रज्ञ नसतील, आणि माझ्यासारख्या लांबून वाचणाऱ्या बायाही नसतील. तिथले गुआरानी शिक्षक वर्गात 'पोआपी अधिक पोकोईं' फळ्यावर लिहितील की नाही, की म्ब्यांच्या जोड्यांनी सुरुवात करतील, की सरळ पोर्तुगीज आकडे घेऊन हेक्टरांकडे वळतील, ते त्यांनी ठरवायचं आहे. त्यांच्यातही यावर एकमत असेल असं मला वाटत नाही, आणि असावं असंही नाही.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटं राखून ठेवायला सांगितली होती. त्यातली बरीच मी खाल्ली. पहिला हात मागच्या रांगेत मघाशीच वर झालेला मला दिसला होता. त्यांच्यापासून सुरुवात करू.